वाघासाठी घेतलेलं नळकांडं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर ठाण्याला जाऊन कॅमेऱ्याची एक लेन्स घेतली. देवदर्शन नाही, लेकीकडं जाणं नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो आणि त्यांची तोंडं उतरतात. मेलेल्या माणसाच्या शेवटच्या दिवसात लोकांना काहीतरी पवित्र पाहिजे असतं. आमच्याकडं तसलं काही नाही. दिवसभर दुकानं पालथी घातली, रस्त्यात भांडलो, एका हॉटेलात मिसळ खाल्ली, ती गोडमिट्ट निघाली म्हणून मालकाला ऐकवलं, आणि एक जुनी, कोणाची तरी वापरलेली लेन्स घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. शीळफाट्याच्या अलीकडं आमचं गाव. गाव म्हणायचं, आता सगळ्या बिल्डिंगा आहेत. आधी भातशेती आणि मिठागर. मिठागरात मी आणि ती दोघंही राबलेलो. मग जमिनी गेल्या आणि पैसा आला. पैसा आल्यावर आमच्या लोकांनी काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. अंगावर सोनं, दारात गाडी, आणि गेटाच्या दोन खांबांवर सिमेंटचे दोन सिंह. एकेका सिंहाचं तोंड असं की भूक लागलेलं कुत्रं बरं. आमच्या गेटावरही बसवायचे म्हणून पोरगा मागं लागलेला. बायको म्हणाली, "सिमेंटचा कशाला? खरा दाखव ना मना."

तिथून सुरू झालं ते.

कॅमेरा पोराचा होता. त्याला मुलगी झाली तेव्हा हौसेनं घेतलेला. महिनाभर फोटो काढले, मग कपाटात टाकला. आमच्या घरात अशा हौसांचं एक कपाटच आहे. बायकोनं तो काढला. तिला मेनू वाचता येत नव्हता, सुनेनं दोन बटणं शिकवली, तेवढ्यावर ती खाडीकडं जायला लागली. जिथं आम्ही मीठ ओढलं तिथं आता चिखल आणि बगळे. ती बगळ्यांचे फोटो काढायची. मी मागं उभा राहायचो पिशवी घेऊन, गाढवासारखा. मला त्यातलं काही आवडलं नाही. बगळा मी जन्मभर बघितलाय. पण घरी टीव्हीसमोर बसण्यापेक्षा बरं.

खाडीवरच तो ग्रुप भेटला. डोंबिवलीचे रिटायर लोक. जंगलात जातात म्हणून जंगलासारखे कपडे घालतात, हिरवे, ठिपक्याठिपक्यांचे, खिसेच खिसे. डोंबिवली स्टेशनच्या बाहेर हे कपडे घालून उभं राहून कोणापासून लपतात ते त्यांनाच ठाऊक. त्यांचा पुढारी एक साहेब, बँकेतून रिटायर झालेला. माझ्याच वयाचा, डोक्यावर केस नाही, आणि मला काका म्हणतो. त्यानं चंद्रपूरकडच्या जंगलाची सहल काढलेली. तिथं सिंह नाही, वाघ. खरा असला की झालं, म्हणून बायकोनं मला न विचारता दोन नावं देऊन टाकली.

मग साहेबाचा उपदेश सुरू झाला. तिच्या कॅमेऱ्यावर जी लेन्स होती ती म्हणे लग्नमुंजीची. जंगलाला लांबची पाहिजे. निदान सहाशेची. सहाशे म्हणजे काय ते मी विचारलं नाही, कारण विचारलं की हे लोक अर्धा तास सोडत नाहीत. तीनशेची लेन्स घेऊन जंगलात जाणं म्हणजे झुडपांचे फोटो काढायला जाणं, असं त्यानं मोबाईलवरच्या ग्रुपात लिहिलं. परवडत नसेल तर आठवडाभर भाड्यानं आणा, असंही लिहिलं. सुनेनं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "भाड्याची घोडी वरातीला ठीक हाय. शिकायचा ज्यावर, तो आपला पायजे."

पोरगा म्हणाला, "आई, घ्यायचीच तर मोठी घे. लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील यावर आमच्या गावातले निम्मे बंगले उभे आहेत.

तर त्या दिवशी आम्ही आधी डोंबिवलीच्या दुकानात गेलेलो. काचेचं दुकान, आत थंडगार. काउंटरवरच्या पोऱ्यानं नमस्कार नाही, पाणी नाही, पहिलंच विचारलं, "बजेट काय आहे?" मग त्याची नजर तिच्या गळ्याकडं गेली आणि बजेटचा प्रश्न त्याला आपोआप सुटला. आतून एक भलंमोठं पांढरं नळकांडं काढून त्यानं लेकरासारखं गादीवर ठेवलं.

"आजी, डोळे मिटून हीच घ्या. वाघाच्या मिशा मोजाल."

"मिशा मोजून काय करू? त्याचं लगीन जमवायचंय का मना?"

तिनं ते उचललं. उचललं म्हणजे दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. तिच्या मनगटाची दुखणी मला माहीत होती, मिठागरातली होती ती. डोळ्यापर्यंत काही ते गेलं नाही. "ह्यो वरवंटा हाय. ह्याच्यानं वाघ मारायचा का फोटो काढायचा?"

पोऱ्या म्हणाला, "याला स्टँड येतो ना, वेगळा घ्यावा लागेल."

"आणि स्टँड उचलायला माणूस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघतो रे?" आणि आम्ही बाहेर पडलो.

ठाण्याला जाताना रिक्षात मी तिला बोललो. कशाला पाहिजेत ही थेरं, मोबाईलमध्ये येतो की फोटो. ती म्हणाली, "तुमी नका बोलू. तुमाना टीव्हीचा आवाज वाढवाय येत नाय." खरंच येत नाही.

ठाण्याला स्टेशनजवळ एका जिन्यावर, वरच्या माळ्यावर, जुन्या लेन्सांचं दुकान. साहेबानं नाक मुरडलेलं त्याच्या नावानं. दुकानदार पान खाणारा, बोलण्यात अर्धा हिंदी. पण तो निदान खुर्ची पुढं करून आधी विचारता झाला, "माताजी, चलाएगा कौन?" म्हटलं, हीच. मग त्यानं मोठ्या लेन्सांकडं हातच नेला नाही. तीनशेपर्यंत लांब जाणारी एक काळी, बोजड नसलेली लेन्स काढली. म्हणाला, हात थरथरला तरी फोटो हलत नाही अशी सोय आहे आतमध्ये. जुन्या लेन्सला आपल्याकडच्या दमट हवेत आतून बुरशी धरते, म्हणून मोबाईलची बॅटरी लावून आरपार दाखवलं. आत स्वच्छ होती. बाहेरून एका कडेला रंग उडालेला, तेवढंच.

तिनं ती कॅमेऱ्याला लावून घेतली, एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं गोल फिरवून बघितली. बांगड्या वाजल्या. बांगड्या वर सारल्या आणि परत फिरवली. खिडकीतून समोरच्या केबलवरचा कावळा बघितला. बराच वेळ बघितला. दुकानदार म्हणाला, "कौवा है, माताजी, शेर नहीं." ती म्हणाली, "कावला बसलाय तसाच बसू दे. तू गप."

मग म्हणाली, "हीच."

घरी आल्यावर पोरगा म्हणाला, "जुनी? आई, आपण काय भिकारी आहोत?" तिनं त्याच्याकडं लक्षही दिलं नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, लेन्स पाटावर ठेवली. आमच्यात नवीन वस्तू आली की तिला हळदकुंकू लावतात. ट्रॅक्टरला लावलं, फ्रिजला लावलं, बोअरच्या पंपाला लावलं. वस्तूचं तोंड असेल तिथं लावायचं. ट्रॅक्टरचं तोंड पुढं. लेन्सचं तोंड कुठं? तिनं झाकण काढलं, बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि थेट काचेच्या मधोमध टिळा लावला. मीही बघत होतो. मलाही त्यात काही चूक वाटली नाही. तोंड म्हणजे तीच बाजू. मग तिनं झाकण लावून ठेवलं.

सकाळी ती उठली, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. मी अंघोळीला गेलेलो. आलो तर आधण उतू जात होतं आणि ती तशीच बसलेली. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

त्यानंतर घरात जे लोक आले त्यांच्याबद्दल मात्र लिहिता येईल. एकानं सांगितलं, भाग्यवान, कुंकू घेऊन गेली. मी म्हटलं, मग तुझी बायको कधी जाते? तो परत आला नाही, बरं झालं. एक बाई तासभर रडली आणि जाताना पोराला विचारून गेली की बाजूचा प्लॉट विकायचा आहे का.

साहेबही आला. ग्रुपातली दोन माणसं घेऊन. कपडे साधे होते, तेवढी अक्कल होती. बसला, आईंचं फार वाईट झालं म्हणाला. आता ती त्याची आई झाली. पोरानं बोलता बोलता लेन्स आणून त्याच्या पुढं ठेवली. पोराच्या मनात होतं की दुकानदाराला परत करावी, आता काय उपयोग. साहेबानं झाकण काढलं आणि विंचू बघितल्यासारखा मागं सरकला.

"अरे बापरे! हे काय? कुंकू? काचेवर?"

पोरगा म्हणाला, "आईनं पूजा केलेली."

"गेलं की कोटिंग! काका, अहो, ही काच म्हणजे डोळा असतो. डोळ्यात कोणी कुंकू घालतं का? आता प्रत्येक फोटोत मधोमध लाल डाग येणार बघा. वाघ काढा नाहीतर हरीण काढा. कोण घेणार ही परत?"

पोरानं लगेच शर्टाचं टोक ओढलं, काचेवर हाऽ केलं आणि पुसायला हात नेला. मी उठलो आणि त्याच्या हातातून ती लेन्स हिसकावली. एवढ्या जोरात की साहेबाच्या हातातला चहा सांडला.

"बाबा, अहो पुसतोय फक्त!"

"हात लावलास तर घराबाहेर काढीन."

साहेब चहा पुसत राहिला. तो समजला की म्हातारा शोकानं खुळावलाय. समजू दे. मला त्याच्या बोलण्यातलं एकच ऐकू आलेलं. प्रत्येक फोटोत. त्यानं ते नुकसान म्हणून सांगितलं. मी ते नुकसान म्हणून ऐकलं नाही. घरात तिचा एक फोटो होता, मोठा करून आणलेला, त्याला पोरानं चंदनाचा हार घातलेला, त्यात ती होती कुठं? ते आधारकार्डावरचं तोंड मोठं केलेलं. आणि इथं हा शहाणा सांगत होता की तिच्या बोटाचा टिळा वाघावर येणार, हरणावर येणार, झाडावर येणार. ती जे बघणार होती त्या सगळ्यावर.

मी म्हटलं, "साहेब, माझं नाव सहलीतून काढू नका. मी येणार."

आता यावर गावात काय झालं ते विचारू नका. माझी मोठी बहीण आंबिवलीकडं दिलेली, ती खास रिक्षा करून आली.

"वरीस नाय झाला तिला जाऊन. आणि तू वाघ बगाला चाललास? तोंड काय दाखवणार लोकांना?"

"लोकांनी काय माझं तोंड बघायला तिकीट काढलंय?"

"अरे, वर्षभर सणवार करत नाय आपण. गोडधोड करत नाय. आणि ह्यो चालला मजा माराला!"

"बाय, मी मजा माराला चाललो असतो तर तुलापण घेऊन गेलो असतो. नेतोय का? नाय ना? मग गप बस."

हे बोलणं नीट झालं नाही हे मलाही कळलं.

निघण्याआधी सुनेनं कॅमेऱ्याची बॅटरी भरून दिली, सगळं ऑटोवर ठेवलं. "बाबा, फक्त हे दाबायचं. बाकी कशाला हात लावू नका." तिनं लेन्सच्या झाकणाकडं एकदा बघितलं आणि ते न काढताच कॅमेरा पिशवीत घातला. त्या घरात तीच एक शहाणी आहे.

जंगलाबद्दल सांगायचं तर धूळ. उघड्या जिप्सीत बसवतात आणि धूळ खायला घालतात. प्रत्येक जिप्सीत पाच-सहा तोफा. एकेकाची लेन्स मांडीवर, खाली वाळूची पिशवी, वर झबलं घातलेलं. खरंच, लेन्सला झबलं शिवतात हे लोक, पानापानांचं. वाघ दिसला नाही तर गाईडला बोलतात, जसं काही त्यानंच घरी बांधून ठेवलाय. मोर दिसला तर कोणी कॅमेरा उचलत नाही. हरणाला तर विचारूच नका, हरीण म्हणजे त्यांच्या लेखी रस्त्यावरची शेळी. चितळांचा मोठा कळप उभा होता, एवढी देखणी जनावरं, आणि साहेब घड्याळ बघत होता.

पहिल्या फेरीत मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. तिथं हरीण, माकड, मोर सगळं होतं, पण मला पहिला फोटो वाघाचाच पाहिजे होता. सिमेंटचा नको, खरा दाखव, असं ती म्हणालेली.

दुपारच्या फेरीत दिसला. पाणवठ्यावर बसलेला, मागचे पाय पाण्यात. मोठा होता. बघून मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही, पण आमच्या गावातल्या सगळ्या गेटांवरचे सिंह फोडून टाकावेत असं वाटलं. बाजूला तोफा सुरू झाल्या, खडखडखडखड, पत्र्यावर गारा पडाव्यात तशा. साहेब दबक्या आवाजात ओरडला, "काका, काढा, काढा! निदान काच तरी पुसा!" त्यानं खिशातून मऊ फडकंही काढून दिलेलं. मी ते घेतलं नाही. झाकण काढलं. टिळा होता, वाळलेला, कडेनं थोडा उडालेला, पण होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दाबलं. दाबत राहिलो. वाघ उठला, आमच्याकडं ढुंकूनही न बघता गवतात गेला. त्याचं मला बरं वाटलं. आमच्या जिप्सीत बघण्यासारखं काही नव्हतंच.

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये सगळे आपापले फोटो बघत बसले. मी कोपऱ्यात बसलो. एकटंच बघायचं होतं मला. पण साहेब आलाच, आणि त्यानं बटण दाबून फोटो उघडून दिला.

वाघ होता. चिंचोक्याएवढा, फोटोच्या मधोमध. पण स्वच्छ. पट्टे दिसत होते. लाल काही नव्हतं. पुढचा फोटो उघडला, त्यातही नाही. त्याच्या पुढचा. कुठंच नाही.

"अरे वा!" साहेब म्हणाला. "काका, काहीच फरक पडला नाही की! आलाच नाही डाग! बघा हो, या सगळे, बघा!"

सगळे जमले. एक म्हणाला, बरोबर आहे, एवढ्या जवळचं लेन्सला दिसतच नाही, ती लांबचं बघते. दुसरा म्हणाला, हो हो, मला माहीतच होतं. माहीत होतं तर माझ्या घरी चहा पीत बसलेलास तेव्हा दातखीळ बसलेली का? एवढे शिकलेले, एवढ्या तोफा, आणि एकालाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी तिथून उठलो, जेवलो नाही.

खोलीवर खाटेवर बसून मी झाकण काढून त्या काचेकडं बघत राहिलो. इथं मला टिळा दिसतोय, आणि आत फोटोत बघितलं तर नाही. वाघावर यायला पाहिजे होता. एवढ्याचसाठी मी आलेलो, बहिणीला तोडून बोललो, पोरावर हात उगारायचा राहिला. आणि ही लेन्स, तिनं निवडून घेतलेली, तिच्याकडंच बघायला तयार नाही. मला त्या लेन्सचा राग आला. खिडकीतून फेकायला उचललीसुद्धा. उचलल्यावर लक्षात आलं की ती माझ्या एका हातात सहज बसतेय. तिनं तेवढ्यासाठीच तर घेतलेली. डाग उमटावा म्हणून नव्हती घेतली.

आमच्यात दसऱ्याला कोयत्याला, घमेल्याला, मिठागरातल्या फावड्याला कुंकू लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुसायचं आणि अवजार हातात घ्यायचं. कुंकू लावून फावडं भिंतीला टेकवून ठेवणाऱ्याला आमच्याकडं एकच शब्द आहे, आळशी. हे पुसायचं काम जन्मभर तिनंच केलं, पदराच्या टोकानं, आणि पुसून झालं की माझ्या हातात फावडं द्यायची. चला, उठा. या वेळी लावलं तिनं, आणि दुसरी सकाळ तिला मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारातच जिप्सी आली. मी साहेबाच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं जरा सरकून जागा दिली, म्हातारा काय बोलतो कोणास ठाऊक म्हणून. मी म्हटलं, "ते फडकं द्या." त्यानं दिलं. मी काच पुसली. फडकं लाल झालं, ते त्याला परत दिलं, आणि विचारलं, "हे गोल कुठल्या बाजूला फिरवायचं? वाघ चिंचोक्याएवढा नको मला."

त्यानं सांगायला सुरुवात केली ती अर्धा तास. मी ऐकून घेतलं. गेट उघडलं, आत गेलो. वळणावर एक सांबर उभं होतं. बाकी कोणी कॅमेरा उचलला नाही, सांबर म्हणून. मी उचलला. गोल फिरवलं, आधी उलट्या बाजूला, मग सुलट्या. फिरवून होईपर्यंत ते वळून चालायला लागलेलं. मी दाबलं.

ढुंगण आलं. पण चोख आलं.